तीळ ठेवायचा, पुटकुळी काढायची

पोर्ट्रेटमधल्या त्वचेबद्दल इतके प्रश्न साठलेत की या वेळी तेवढेच घेतोय, बाकीचे पुढच्या अंकात.

प्रश्न: दादा, मी मैत्रिणींचे पोर्ट्रेट काढते आणि फोटोशॉपमध्ये एडिट करते. लेअर डुप्लिकेट करून त्यावर गॉशियन ब्लर मारते, मग मास्क (लेअरचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारा पडदा) लावून डोळे, ओठ आणि केस परत आणते. तरी चेहरा मेणाचा वाटतो, आणि ब्लर कमी केला की डाग दिसायला लागतात. माझं काय चुकतंय?

उत्तर: तुझा मास्क चुकत नाहीये, ब्लरच चुकतोय. ब्लरला डाग कुठला आणि रंध्रं कुठली हे कळत नाही, तो सगळंच पुसतो, आणि मग पापणीचा एकेक केस टोकदार दिसतोय पण त्याच्याच खाली गाल मात्र साबणासारखा गुळगुळीत, हे बघणाऱ्याच्या डोळ्याला लगेच खटकतं, काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही एवढंच.

आता एक काम कर. एखादी पुटकुळी २०० टक्के झूम करून नीट बघ. जिकडून लाइट येतोय तिकडच्या अंगाला एक बारीक उजळ ठिपका असतो, उलट्या अंगाला चंद्रकोरीसारखी सावली असते आणि भोवती लालसर कडं. म्हणजे आपल्याला जे खटकतं ते आहे उजेड, सावली आणि रंग. रंध्रं, बारीक लव, ओठांच्या कडेच्या रेषा हे सगळं त्या पुटकुळीच्या आजूबाजूला व्यवस्थित असतं आणि त्याचा कोणालाच त्रास नसतो. मग त्याला हात कशाला लावायचा? हे एकदा डोक्यात बसलं की रिटचिंगची अर्धी भीती जाते.

तर आधी एक रिकामा नवीन लेअर घे, हीलिंग ब्रशला सॅम्पलमध्ये ‘करंट अँड बिलो’ ठेव आणि फक्त सुट्या पुटकुळ्या, ओरखडे, चिकटलेला एखादा केस एवढंच काढ. हीलिंग ब्रश फोटोशॉपमध्ये २००२ साली, ७.० मध्ये आला, त्याआधी क्लोन स्टॅम्पवरच भागवायचे. क्लोन स्टॅम्प जे उचलतो ते जसंच्या तसं चिकटवतो, हीलिंग ब्रश मात्र पोत तुम्ही ऑल्ट दाबून निवडलेल्या जागेचा घेतो आणि रंग-उजेड जिथे ब्रश फिरवताय तिथलाच जुळवून घेतो. म्हणूनच सॅम्पल जवळचं घ्यायचं, कपाळाचा पोत गालावर नको आणि नाकाचा तर कुठेच नको, कारण नाकावरची रंध्रं मोठी असतात आणि दुसरीकडे नेली की ओळखू येतात. ब्रश पुटकुळीपेक्षा किंचित मोठा, कडा जरा कडक, आणि एकेक टिचकी मारत जायचं, ब्रश ओढत न्यायचा नाही.

मग राहतात ते धब्बे, म्हणजे गालावरचा असमान उजेड, ज्याच्यासाठी तू ब्लर मारतेस. त्याला डॉज अँड बर्न, म्हणजे जागोजाग थोडं थोडं उजळ आणि गडद करत जाणं. दोन कर्व्ज लेअर (उजेड कमी-जास्त करणारे) घे, एक थोडा वर ओढलेला आणि एक थोडा खाली, दोन्हींचे मास्क काळे कर आणि मऊ पांढऱ्या ब्रशने, फ्लो (ब्रशमधून रंग उतरायचा जोर) २ ते ४ टक्के ठेवून, जिथे गडद चट्टा आहे तिथे उजळवाला मास्क रंगव, जिथे नको तेवढं चमकतंय तिथे गडदवाला. सगळ्यात वर एक ब्लॅक अँड व्हाइट लेअर तात्पुरता ठेव म्हणजे रंग मध्ये न येता फक्त उजेड-सावली दिसेल, काम झालं की काढून टाक. वेळ लागतो, खोटं कशाला सांगू, एका चेहऱ्याला तासभरही जातो. पण याच्यात पोताचा एक पिक्सेलही इकडचा तिकडे होत नाही.

उरला लालसरपणा. नवीन लेअर, ब्लेंड मोड (खालच्या लेअरमध्ये मिसळायची पद्धत) कलर, शेजारच्या चांगल्या त्वचेचा रंग उचलायचा आणि कमी फ्लोने फिरवायचा. नाक, कान, हनुवटी थोडी लाल असतेच, ती पूर्ण घालवलीस तर माणूस आजारी दिसेल.

आणि काय काढायचं, काय ठेवायचं याचा माझा नियम साधा आहे, जे दोन-तीन आठवड्यांत आपोआप जाणार आहे ते काढायचं आणि जे त्या माणसाचं कायमचं आहे ते विचारल्याशिवाय काढायचं नाही. सुरुवातीच्या काळात मी एका बाईंच्या हनुवटीवरचा तीळ ‘सफाई’ म्हणून उडवला होता. त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि एवढंच म्हणाल्या, “छान आहे, पण ही मी नाही.” मूळ फाइल होती म्हणून निभावलं, तीळ परत आणून दिला. तेव्हापासून तीळ, जन्मखूण, जुना व्रण, खळी यांना मी हात लावत नाही.

प्रश्न: फ्रिक्वेन्सी सेपरेशन (पोत वरच्या लेअरवर आणि रंग-उजेड खालच्या लेअरवर असं वेगळं काढायची पद्धत) करताना ॲप्लाय इमेज केलं की वरचा लेअर नुसता राखाडी होतो आणि लिनियर लाइट हा ब्लेंड मोड लावल्यावर फोटो धूसरच राहतो. आकडे बरोबर टाकलेत. असं का?

उत्तर: बहुतेक ॲप्लाय इमेजच्या खिडकीत लेअरच्या जागी ‘मर्ज्ड’ राहिलंय. तसं असलं की वरचा लेअर स्वतःतूनच वजा होतो, बाकी शून्य, आणि उरतो तो सपाट राखाडी. तिथे खालचा, ब्लर केलेला लेअर निवडा. ८ बिट फाइलला सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. १६ बिटला ॲड, इन्व्हर्टवर खूण, स्केल २, ऑफसेट ०. मग लिनियर लाइट. दोन्ही लेअर चालू असताना फोटो अगदी मूळ फोटोसारखा दिसला पाहिजे, नाही दिसला तर पुढे जाऊच नका.

ब्लर किती, हे सगळेच विचारतात. ठरलेला आकडा नाही, फोटोत चेहरा किती मोठा आहे त्यावर आहे. खालच्या लेअरचा ब्लर वाढवत न्या आणि रंध्रं दिसेनाशी झाली पण नाकाची, गालाची घडण अजून जागच्या जागी आहे, तिथे थांबा. त्यापुढे गेलात की सावल्या पोताच्या लेअरमध्ये शिरतात आणि वेगळं केल्याचा उपयोगच राहत नाही.

आणि एक विनंती. ही पद्धत चांगली आहे, पण खालच्या लेअरवर लॅसोने मोठमोठे तुकडे पकडून दणादण ब्लर मारणारे मी बरेच बघतो. पोत शाबूत राहतो हे खरं पण त्याच्याखालचा गाल चपटा होतो, हाडाची उंची-खोली जाते, आणि मग रंध्रं असलेला मेणाचा पुतळा तयार होतो. तुकडे छोटे घ्या, फेदर (कडेचा मऊपणा) भरपूर ठेवा आणि गालाच्या हाडाची कड किंवा नाकाच्या बाजूची सावली ओलांडू नका. वरच्या लेअरवर हीलिंग करताना सॅम्पल ‘करंट लेअर’ ठेवा, नाहीतर खालचा रंग वर येऊन बसेल.

गिम्पवाल्यांनाही निराश व्हायचं कारण नाही. २.१० पासून त्यात वेव्हलेट डिकंपोज आलंय, ते फोटोचे बारीक-जाड थर आपोआप सुटे करून देतं, आणि हील टूल तर आहेच. फुकटचं सॉफ्टवेअर म्हणून काम हलकं होत नाही.

प्रश्न: आजीचा फोटो फ्रेम करायचाय. आत्या म्हणते सुरकुत्या काढून टाक, आजीला बरं वाटेल. मला मात्र नको वाटतंय. काय करू?

उत्तर: तुमचं मन बरोबर सांगतंय. सुरकुती ही रेष नसते, ती एक घडी असते आणि आपल्याला दिसते ती त्या घडीतली सावली. कॅमेरा, त्यातून बाजूने येणारा कडक लाइट, ती सावली आपण समोर बसून बघतो त्यापेक्षा जास्त गडद करतो. तेवढी जास्तीची सावली कमी करा, बस. वेगळ्या लेअरवर हीलिंगने सुरकुत्या पूर्ण काढा आणि मग त्या लेअरची ओपॅसिटी (तो किती टक्के दिसतो ते) शून्यावर नेऊन हळूहळू वाढवा. माझा हात साधारण ३० ते ४० च्या आसपास थांबतो. डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळांनाही हेच, तिथला खोलगटपणा सगळा भरला की डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात.

डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या हसण्याच्या रेषांना मात्र बिलकुल हात लावू नका, ओठ हसतायत आणि डोळे कोरे असं होईल. दोन प्रिंट काढा, एक न केलेली आणि एक ही, आणि आजीलाच निवडू द्या. चेहरा तिचा आहे, आत्याचा नाही आणि आपलाही नाही.

प्रश्न: क्लायंट सारखे म्हणतात ‘जरा उजळ करून द्या’. नाही म्हटलं तर काम जातं. सर, तुम्ही काय करता?

उत्तर: मी आधी विचारतो, उजळ म्हणजे नक्की काय. पुष्कळदा फोटोच अंडर, म्हणजे कमी उजेडाचा, असतो, चेहरा सावलीत गेलेला असतो, आणि त्यांना ते हवं असतं. ते मी आनंदाने करतो, एक्स्पोजर नीट केलं की प्रश्न मिटतो. पण त्वचेचा रंगच बदलून मागितला तर मी नाही म्हणतो आणि का ते सांगतो. सावळ्या त्वचेला जो खोल, उबदार रंग असतो तो हायलाइटमध्ये ढकलला की राखेसारखा होतो, त्यात चेहरा फिकट आणि मान-हात वेगळेच, हे कोणालाही कळतं. शेजारी शेजारी दोन्ही ठेवून दाखवा, बरेच जण स्वतःच मागे येतात.

सावळ्या त्वचेवर खरं काम असतं ते चमकेचं. कपाळावर, गालाच्या हाडावर चमक येते आणि ती सुंदर असते, तीच चेहऱ्याला आकार देते. फक्त घामाने पांढरी पडली असेल तिथे क्लोन स्टॅम्प डार्कन मोडमध्ये, ओपॅसिटी १५-२०, शेजारची त्वचा उचलून हलके फिरवा. डार्कनमध्ये तो फक्त जास्त उजळ पिक्सेललाच धरतो, बाकीचे तसेच राहतात.

नॉर्वेत जुलै २०२२ पासून जाहिरातीतल्या माणसाची त्वचा, आकार किंवा बांधा बदलला असेल तर तसं लेबल लावावं लागतं. आपला फोटो जाहिरातीचा असो-नसो, देताना काय काय केलंय ते मी दोन ओळींत लिहून देतो, त्याने काम गेलेलं नाही.

प्रश्न: माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. काही जमेल का?

उत्तर: जमेल की. पहिलं म्हणजे कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड बंद करा, तो फोटो काढतानाच पोत खातो आणि गेलेला पोत कुठलंही ॲप परत आणू शकत नाही. माणसाला खिडकीशी, पडद्यातून येणाऱ्या मऊ उजेडात बसवा, निम्मं रिटचिंग तिथेच होतं. मग स्नॅपसीडमधलं हीलिंग, भरपूर झूम करून, एकेक पुटकुळी. लाइटरूम असेल तर टेक्श्चरचा स्लायडर मास्क लावून फक्त गालावर उणे १० ते १५, क्लॅरिटी उणे करू नका, त्याने चेहऱ्यावर धुकं येतं.

झालं की फोन बाजूला ठेवा आणि थोड्या वेळाने परत उघडून बघा. पहिली नजर डोळ्यांवर गेली तर पाठवा, त्वचेवर गेली तर दोन पायऱ्या मागे या.