दर रविवारी जमतो, गातो, पण गाणं काही बसत नाही

प्रश्न : आम्ही सोसायटीतले अकरा जण, सगळे हौशी. दर रविवारी क्लबहाऊसमध्ये जमतो. पेटी, तबला आणि एक गिटारवाला मुलगा पण आहे. कोजागिरीला आठ गाणी करायचीत. दोन-अडीच तास बसतो पण निम्मा वेळ 'तो आला की सुरू करू' आणि चहात जातो, उरलेल्यात आठही गाणी एकदा म्हणून होतात, चुका मात्र त्याच त्याच. काय करावं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आठही गाणी एकदा म्हणून होतात ना, घोळ तिथेच आहे. आम्हीपण पहिली दोन वर्षं यालाच प्रॅक्टिस म्हणायचो. एका रविवारी दोनच गाणी घ्या, आणि तीसुद्धा अख्खी नाही. बहुतेक ग्रुप गडबडतात ते अंतरा (कडवं) संपवून मुखड्यावर (ध्रुवपदावर) येताना. तबलजी तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेतो, पेटी पुढे निघून गेलेली असते, आणि कोरस एकमेकांच्या तोंडाकडे बघत अर्धी मात्रा उशिरा उचलतो. मग अंतऱ्याची शेवटची ओळ आणि मुखड्याची पहिली, एवढंच दहा वेळा. कंटाळा येतो, येऊ द्या.

पट्टीचं, म्हणजे कुठल्या सुराला 'सा' धरून गायचं याचं, भांडण रविवारी नकोच. बुधवारपर्यंत ग्रुपवर टाकून द्यायचं, अमुक गाणं, अमुक पट्टी, अमुक जण गाणार. पुरुष काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) आरामात गातात आणि बायकांना काळी चार लागते, म्हणजे एकाचा पंचम (प) तो दुसरीचा षड्ज (सा), मधली पट्टी काढली तर दोघांचेही हाल. त्यापेक्षा गाणी वाटून घ्या. आणि पट्टी ठरवताना मुखडा नाही, अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर गाऊन बघा, तो ओढूनताणून लागत असेल तर खाली या. गिटारवाल्याला काळी एक नको वाटत असेल तर पहिल्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून पांढरी एकचे कॉर्ड वाजवू दे, त्याचाही जीव सुटेल.

लय पळते का तुमची? पळतच असणार, केरव्यात (आठ मात्रांच्या ठेक्यात) तर हमखास. तबल्याच्या अ‍ॅपवर ठेका लावून एकदा सगळ्यांनी नुसत्या टाळ्या देत गाणं म्हणा, कोण पळतंय ते आपोआप कळतं, नाव घ्यावं लागत नाही. (आमच्यात मीच होतो.) रेकॉर्डिंग करताना फोन पेटीवर ठेवू नका, नुसती पेटीच ऐकू येते, समोर शेवटच्या खुर्चीवर ठेवा.

राहिला चहा, तो शेवटी. आणि साडेसहा म्हणजे साडेसहा, तिघं असले तरी तिघांनी सुरू करायचं. आमच्याकडे यावरून एक काका रुसले, दोन रविवार फिरकलेच नाहीत, तिसऱ्या रविवारी सव्वासहालाच सतरंजी घालून बसले होते.

अख्खी आठ गाणी न थांबता म्हणायची ती शेवटच्या दोन रविवारी, माईक लावून, आणि तेव्हा कोणी कितीही चुकलं तरी थांबायचं नाही.