सायट्रान्सचं वेड उतरत का नाही?

प्रश्न: ताई, माझा दादा चाळिशीला आला तरी रोज रात्री हेडफोन लावून सायट्रान्स (ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताचा एक प्रकार) ऐकतो, मला तर सगळी एकसारखी धडधडच वाटते. एवढं काय असतं त्यात? (एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर: अगं तू बडोद्याची ना, मग नवरात्रातला गरबा आठव, तोच ताल तासन् तास फिरत राहतो आणि कधीतरी पाय आपोआप चालायला लागतात, दमलोय हे कळतच नाही, बस तेच! ठोका मिनिटाला साधारण १४०-१४५, तो हलत नाही, पण वरचे आवाज हळूहळू बदलत जातात आणि ट्रॅक सात-आठ मिनिटांचा, त्यामुळे घाईत ऐकलंस तर काहीच हाती लागत नाही. तो पिळल्यासारखा चिरका आवाज आहे ना, त्याचं मूळ रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे जपानी मशीन, १९८१ला बेस गिटारच्या जागी म्हणून आलं, चाललं नाही, १९८४ला बंद पडलं, मग सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागलं आणि आधी शिकागोतल्या पोरांनी त्यातून भलतंच काहीतरी काढलं. पण ट्रान्सला हे रूप आलं ते ९०च्या दशकात आपल्या गोव्यात, हणजूणच्या किनाऱ्यावर, मला याचं फार कौतुक वाटतं. दादाकडून हेडफोन माग, हॅलुसिनोजन या कलाकाराचा १९९५चा ‘ट्विस्टेड’ हा अल्बम लाव आणि डोळे मिटून फक्त खालचा बेस धरून बस.