पालेभाजी चालेल, रविवारचा डबा नको

प्रश्न : अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं, म्हणून डॉक्टरांनी तीन आठवडे कमी हिस्टामिनचा आहार सांगितला आहे. मी रविवारी चार जुड्या आणते आणि निवडून, धुऊन, चिरून डब्यांत भरते. गुरुवारपर्यंत पुरतात. पालेभाज्या सोडाव्या लागतील का? पालक उकडून चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पालक सोडला तर बाकीच्या बहुतेक पालेभाज्या चालतात. अडचण त्या डब्यांची आहे. भाजीतल्या हिस्टिडिनपासून (हा प्रथिनांचा एक घटक) जिवाणू हिस्टामिन, म्हणजे अंगावर पित्त उठवू शकणारं रसायन, तयार करतात. चिरलेल्या पानांतून सुटलेला रस आणि बंद डब्यातला ओलावा त्यांना फावतो. फ्रिजमध्ये हे काम मंदावतं, थांबत नाही. शिवाय एकदा तयार झालेलं हिस्टामिन आचेनं नष्ट होत नाही, त्यामुळे गुरुवारची भाजी कितीही परतली तरी उपयोग नाही.

जुडी मुळांसकट, ताठ पानांची घ्या. मधली पानं बोटाला बुळबुळीत लागली तर परत ठेवा. घरी आणल्यावर धुऊ नका. पिवळी पानं काढून जुडी कोरड्या सुती कापडात गुंडाळा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. धुणं, चिरणं ऐन फोडणीच्या वेळी. उरलेली भाजी ओट्यावर ठेवू नका. वाफ जिरताच वाटीभराच्या डब्यात फ्रीझरला टाका आणि गरम केली की एका बैठकीत खा.

सुरुवात तांदुळजा, माठ किंवा कोबीपासून करा. मेथी चालते, पण ती शेंगवर्गातली; हरभऱ्याची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फोडणी जिरं-लसणाची. ताकातली पातळ भाजी, टोमॅटो आणि दाण्याचं कूट सध्या बाजूला. (अळूच्या फदफद्यात चिंच आणि दाणे दोन्ही असतात, त्यामुळे आम्ही तेही थांबवायला सांगतो.)

पालकात ताज्यातही हिस्टामिन बरंच असतं. ते पाण्यात उतरतं, म्हणून भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून दिलं तर बरंच कमी होतं. ते पाणी कणकेत वापरायचा मोह टाळा. तरीही हे तीन आठवडे संपून त्रास शमल्यावरच. अर्धी वाटी, त्या दिवशी दुसरा कोणताही नवा पदार्थ नाही, मग दोन दिवस थांबून पाहा.

ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर आहाराचे प्रयोग सोडून लगेच रुग्णालय गाठा.