बोरझॉय घरी आणण्याआधी

प्रश्न : डॉक्टर, आमच्या लेकीने मोबाईलवर लांबट तोंडाचा, रेशमी केसांचा रशियन बोरझॉय पाहिला आणि तेव्हापासून हट्टच धरला आहे. ती आता दहावीत आहे. आम्ही नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली पार्किंगची जागा मोकळी असते. हा कुत्रा राखण करील का? आणि पूर्वी तो लांडगे मारायचा म्हणतात, मग मुलांमध्ये कसा राहील?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लेकीला तो का आवडला ते मला लगेच कळलं. मी शिकायला मॉस्कोत होते तेव्हा शेजारच्या आजींकडे एक बोरझॉय होता. नाव व्येतर, म्हणजे वारा. सोफ्यावर त्याच्या शेजारी बसलं की तो हळूच मान माझ्या मांडीवर टाकायचा. कपाळावरून बोट नाकापर्यंत न्यावं तर मध्ये खाच म्हणून लागत नसे, सगळा एकच उतार. छाती खोल, कंबर मात्र एवढीशी. शेपटीला आजी ‘प्रावीलो’ म्हणायच्या, म्हणजे सुकाणू. धावताना वळायचं ते तिच्या जोरावर.

एकदा बर्फात फिरताना त्याला ससा दिसला. पट्टा आजींच्या हातातून कधी निसटला ते त्यांनाही कळलं नाही. त्या जिवाच्या आकांताने हाका मारत होत्या, पण ससा दिसेनासा होईपर्यंत व्येतरच्या कानात काही शिरलं नाही. वासावर नाही, नजरेवर धावणारी ही जात आहे. हलणारं काही दिसलं की मालकाची हाक संपली. म्हणून तिसरा मजला ही अडचण नाही. घरात तो दिवसभर झोपून राहतो. अडचण पार्किंगची आहे. त्याला मोकळं धावायचं तर उंच कुंपणाचं मैदानच हवं. रस्त्यालगत त्याला कधीही मोकळा सोडू नका.

लांडग्याचं म्हणाल तर त्याचं काम मारण्याचं नव्हे, धरून ठेवण्याचं. वासाचे कुत्रे लांडग्याला जंगलातून उघड्या माळावर हाकलायचे, मग दोन-तीन बोरझॉय सोडले जायचे. ते त्याला मानेशी दाबून धरायचे, आणि पुष्कळदा शिकारी येऊन लांडग्याला जिवंत बांधायचा. रशियातल्या ‘तुला’ नावाच्या प्रांतात, पेर्चिनो या गावी, राजघराण्यातले ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच यांनी १८८७ पासून असे कुत्रे मोठ्या संख्येने पाळले. १९१७ च्या क्रांतीत ही अमीर-उमरावांची जात म्हणून कितीतरी मारले गेले. आधीच इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या कुत्र्यांचा ही जात टिकायला मोठा आधार झाला. हे वाचताना मला अजूनही गलबलून येतं.

मुलांशी तो प्रेमळ असतो, पण अंगचटीला येऊन केलेली दंगामस्ती त्याला सोसत नाही. झोपेत अचानक हात लावू नये. घरातल्या मांजरीची मात्र मी खात्री देणार नाही. राखणीसाठी तो नाहीच, भुंकतोही क्वचित.

आता माझी खरी काळजी. नर खांद्यापाशी ७५ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच, वजन ३५ ते ४५ किलोच्या आसपास. छाती खोल असल्याने पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तसं झालं तर काही तासांत जीव जातो. खाणं दोन-तीन वेळा विभागून द्यावं, जेवल्यावर पळवू नये. अंगात चरबी कमी असल्याने भुलीची काही औषधं त्याच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे आठवणीने सांगावं लागतं. आणि तो दाट कोट रशियाच्या थंडीसाठी आहे. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये त्याला दुपारभर एसीत ठेवावं लागेल. माझं स्पष्ट मत विचाराल तर तुमच्या घरी बोरझॉय आणू नये.

लेकीला हाच बांधा आवडत असेल तर आपल्या कारवानी या शिकारी कुत्र्यांतला पश्मी हा प्रकार दाखवा. तोही नजरेवर धावणारा, अंगावर रेशमी केस, आणि दख्खनच्याच हवेतला. पण पट्टा आणि मैदानाचा नियम त्यालाही तोच. तेव्हा तिला एवढंच विचारा : उन्हं चढायच्या आत, रोज पहाटे तासभर, पट्टा धरून चालायला ती तयार आहे का? बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांतसुद्धा?