जुना टेबल सॉ विकू की ठेवू?

नवा मोठा टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर येणारी लाकूड कापायची करवत) आला, जुना छोटा अजून चांगला चालतोय, दोन्ही दहा इंची पात्याचे. घरच्या वर्कशॉपमध्ये जुन्याला काय काम द्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. माझंही हेच झालं होतं. पहिले दोन महिने त्याच्यावर फेविकॉलचे डबे ठेवले होते.

मग आधी तो नव्याच्या मागे लावला, चिरलेली फळी झेलायला. कल्पना बरी वाटली, पण दर वेळी त्याचं पातं खाली घ्या, फेन्स (फळी सरळ सरकवायची आडवी पट्टी) काढा. म्हणजे त्यावर लावलेलं माप गेलंच. शेवटी भिंतीकडेला सरकवला आणि एकच काम दिलं: खाचा.

ड्रॉवरचा तळ बसवायला चारी फळ्यांना खाच लागते. नेहमीच्या पात्याचे दात एकाआड एक तिरके असतात, त्यामुळे खाचेच्या तळाला दोन्ही कडांशी बारीक चर राहतात. जुन्यावर मी सपाट दातांचं पातं कायमचं चढवलंय. एका फेरीत साधारण ३ मिमी चीर पडते. ६ मिमी प्लायसाठी दोन फेऱ्या. मात्र बाजारातला ‘६ मिमी’ प्लाय बऱ्याचदा थोडा कमीच भरतो, म्हणून दुसऱ्या फेरीआधी हातातलाच तुकडा लावून बघा. पात्याची उंची एकदा जमली की त्याच खाचेचा एक नमुना जपून ठेवा. पुढच्या वेळी पातं त्याला टेकवून लावायचं, टेप काढायलाच नको.

खाच आरपार जात नसल्यामुळे वरचं गार्ड काढावं लागतं. पण रायव्हिंग नाइफ (पात्यामागची पातळ पट्टी, चिरलेलं लाकूड पात्यावर आवळू न देणारी) पात्याच्या टोकापेक्षा खाली बसत असेल तर तो राहू द्या, आणि फळी हाताने नव्हे, पुश ब्लॉकने (मूठ असलेल्या ठोकळ्याने) ढकला. रुंद खाचेसाठी जाड डॅडो संच (एकत्र लावलेली अनेक पाती) चढवायचा मोह होईल. छोट्या सॉचा आस (पातं बसतो तो दांडा) बऱ्याचदा आखूड असतो. नट पूर्ण आट्यांवर बसत नसेल तर नाद सोडा.

दोन्ही एकदम चालवू नका. १८०० वॉटची मोटर २३० व्होल्टला ८ अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. माझ्याकडे दोघांना मिळून १६ अँपिअरचा एकच सॉकेट आहे. एकाचा प्लग काढल्याशिवाय दुसरा लागतच नाही, आणि ते मला सोयीचंच वाटतं.

खोली दहा बाय दहाची असेल आणि ड्रॉवर वर्षातून एकदाच होत असतील, तर सरळ विकून टाका. त्या पैशात चांगली दोन पाती येतील.