ग्रीकांची शब्दांची कुळी

प्रश्न : प्राचीन ग्रीक विद्वान ‘माणूस’ या शब्दाची फोड कशी करत?

उत्तर : प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात सॉक्रेटिस सांगतो, की ‘अँथ्रोपोस’ म्हणजे पाहिलेल्या गोष्टीचा विचार करणारा. जनावर नुसतं पाहतं, माणूस पाहिलेलं पारखतो. त्यासाठी तीन शब्द ठेचून त्यांचा एक करायचा, नको ते अक्षर गाळायचं. आजच्या भाषाशास्त्रात ही फोड टिकत नाही. त्याच संवादात ‘सोमा’ म्हणजे शरीर हे ‘सेमा’, म्हणजे आत्म्याचं थडगं, अशीही एक जोडी आहे. मला ती ऐकायला फार आवडते, खरी मात्र वाटत नाही.

प्रश्न : मग हे थट्टा करत होते का?

उत्तर : सॉक्रेटिस थोडी करतोच. पण शब्दांच्या व्युत्पत्तीला ‘एटिमॉलॉजी’ हे नाव ज्यावरून पडलं, त्या ‘एत्युमॉन’ या शब्दाचा अर्थच ‘खरं’ असा आहे. शब्दाचा इतिहास नव्हे, वस्तूचं खरं स्वरूप त्यांना नावात शोधायचं होतं. स्टोइक तत्त्वज्ञ क्रिसिपसचा दाखला पाहा. ‘एगो’ (मी) म्हणताना हनुवटी खाली, छातीकडे जाते, म्हणून मन हृदयात आहे, असं तो म्हणे. मराठीत ‘मी’ म्हणून पाहा. ओठ मिटतात, फाकतात आणि हनुवटी काही छातीकडे निघत नाही. आता आपलं मन कुठे शोधायचं?

प्रश्न : आपल्याकडेही असं कुणी केलं का?

उत्तर : हो, प्राचीन भारतीय विद्वान यास्काने, वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या ‘निरुक्ता’त. अर्थ जुळत असेल तर एका अक्षराच्या साम्यावरही निर्वचन, म्हणजे शब्दाची फोड, करा, पण निर्वचन केल्यावाचून राहू नका, असं तो बजावतो.

प्रश्न : ग्रीकांचं काहीच बरोबर आलं नाही?

उत्तर : एकदा नेम अगदी जवळ लागला. ‘प्युर’ म्हणजे अग्नी. या शब्दाची फोड सॉक्रेटिसला जमेना, तेव्हा तो म्हणाला, हा परक्यांकडून आलेला दिसतो. फ्रिजियन लोकही (आजच्या तुर्कस्तानातले प्राचीन रहिवासी) अग्नीला थोड्या फरकाने असंच म्हणतात. पाणी (‘ह्युडोर’) आणि कुत्रा (‘क्युओन’) यांचंही तसंच. हा पळवाटेचा डाव आहे, हेही तो कबूल करतो. साम्य त्याने बरोबर हेरलं, कारण मात्र चुकलं. शब्द उसने नव्हते, भाषाच एका मूळच्या होत्या. त्याच कुळातली ‘ह्युडोर’ची भावंडं म्हणजे आपलं ‘उदक’, आणि ‘क्युओन’चं ‘श्वान’.