वाईन शॉपमध्ये स्वस्तात चांगली वाईन शोधताय? आधी हे बघ

मित्रा, चांगला नाद लागलाय तुला, पण सुरुवातीला सगळेच जी चूक करतात ती तू करू नकोस, जुनी बाटली म्हणजे भारी हे डोक्यातून काढून टाक. आपल्याकडच्या बोर्डावर वाईन शॉप लिहिलेलं असतं पण खपते बियर आणि व्हिस्की, त्यामुळे नाशिकची सोविन्यॉ ब्लां किंवा शेनिन ब्लां ही व्हाइट वाईन बिचारी ट्यूबलाइटखाली वर्षानुवर्षं उभी असते. या व्हाइट ताज्याच प्यायच्या असतात, लेबलवरचं साल बघ, दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निम्म्या किमतीतही घेऊ नकोस.

मी एकदा पुण्यात धुळीने माखलेली एक रेड वाईन मोठ्या आनंदाने आणली, घरी येऊन फॉइल काढलं तर कॉर्क वर आलेलं आणि खाली चिकट ओघळ, म्हणजे बाटली उन्हाळाभर तापलेली. चव उकडलेल्या मनुकांसारखी.

म्हणून तीनच गोष्टी:
- एसी असलेलं, वाईन खपणारं दुकान धर.
- कॉर्क वर आलंय का, गळतीचा डाग आहे का ते हातात घेऊन बघ.
- काउंटरवरच्या दादांशी ओळख ठेव, जुना स्टॉक काढायचा असला की तेच सांगतात.

सौदा शोधायचा तर रेडमध्ये शोध, अकलूजची सांजोव्हेझे किंवा नाशिकची शिराझ व्हाइटपेक्षा आणखी एखाद-दोन वर्षं जुनी असली तरी चालते. आणि आधी एकच बाटली घे, आवडली तरच दुसऱ्या दिवशी बाकीच्या.

डिकँटर (वाईन ओतून ठेवायचं भांडं), सेलर (बाटल्या साठवायची थंड जागा) वगैरे नंतर बघू.